पुन्हा पुन्हा तसाच येणारा गोल्फ स्विंग कसा घडवावा

जिम फ्युरिक या अमेरिकी गोल्फपटूचा क्लब, म्हणजे चेंडू मारण्याची काठी, मागे जाताना सरळ उभा चढतो आणि खाली येताना वळसा घेतो. तरीही त्याने २००३ मध्ये यूएस ओपन जिंकली आणि २०१६ मध्ये पीजीए टूर या व्यावसायिक स्पर्धामालिकेत एका फेरीत सर्वांत कमी, ५८ फटक्यांचा विक्रम केला, कारण तो वळसा दर वेळी तसाच येतो. म्हणून देखण्या स्विंगचा हव्यास सोडावा. सातत्याचे बहुतेक काम क्लब हलण्यापूर्वीच होते. पुढील सूचना उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहेत.

प्रथम पकड पक्की करावी. डाव्या हाताने क्लब तळव्यात न धरता बोटांच्या मुळाशी धरावा आणि उजवी करंगळी डाव्या तर्जनी व मधल्या बोटामधील खाचेवर टेकवावी. नागपूरच्या उन्हाळ्यात घामाने क्लबची मूठ (ग्रिप) निसटू लागली की हात नकळत आवळला जातो आणि मनगटे ताठरतात. त्यामुळे सराव सूर्य वर येण्याआधी उरकावा व प्रत्येक फटक्यापूर्वी हात दुपट्ट्याला पुसावेत.

त्यानंतर जमिनीवर दोन सरळ काठ्या समांतर ठेवाव्यात, एक चेंडूपलीकडे लक्ष्याच्या दिशेने आणि दुसरी पायांच्या बोटांपुढे. गुडघे, कंबर आणि खांदे दुसऱ्या काठीला समांतर असावेत. सात नंबरच्या आयर्नसाठी (धातूच्या पातळ तोंडाचा क्लब) चेंडू दोन्ही पायांच्या साधारण मध्यावर, तर ड्रायव्हरसाठी (सर्वांत लांब फटक्याचा क्लब) डाव्या टाचेच्या रेषेत असावा.

आता कमरेपासून कमरेपर्यंतचा अर्धा स्विंग करावा. क्लब खाली येण्यास जेमतेम पाव सेकंद लागतो आणि तेवढ्यात कोणतीही चूक जाणीवपूर्वक सुधारता येत नाही. म्हणून मनात सावकाश ‘एक, दोन, तीन’ म्हणत क्लब मागे न्यावा व ‘चार’वर चेंडूला लावावा. चेंडू जमिनीवर पडेपर्यंत शेवटच्या स्थितीत स्थिर उभे राहावे. तोल गेला तर वेग कमी करावा.

मॅटवर सराव करणाऱ्यांची एक फसगत होते. क्लब चेंडूच्या मागे आदळला तरी मॅटवरून घसरून पुढे सरकतो आणि फटका बरा वाटतो. मात्र मे महिन्यात आपली काळी माती इतकी टणक होते की तिच्यावर आयर्न मारणे मनगटांना झेपत नाही, त्यामुळे तेव्हा मॅटला पर्याय नसतो. पावसाळ्यानंतर हिरवळ मऊ झाली की तिच्यावर रांगोळीची आडवी रेघ काढावी आणि चेंडू न ठेवता रेघ दोन्ही पायांच्या मध्यावर येईल असे उभे राहून स्विंग करावा. गवत रेघेवर किंवा तिच्या लक्ष्याकडील बाजूस खरवडले गेले पाहिजे. ते अलीकडे खरवडले जात असेल, तर बहुधा शरीराचा भार उजव्या पायावरच राहिलेला असतो.

शेवटी क्लबच्या तोंडावर, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या सपाट भागावर, टाल्कम पावडर भुरभुरावी आणि चेंडू मारून उमटलेला ठसा पाहावा. प्रत्येक फटक्यानंतर क्लबचे तोंड पुसून पावडर पुन्हा लावावी व ठशाची जागा वहीत टिपावी. ठसे आपल्यापासून दूरच्या टोकाकडे पण एकाच जागी पडत असतील, तर ते मध्यभागाच्या आसपास विखुरलेल्या ठशांपेक्षा माझ्या मते अधिक आशादायक आहे, कारण तेव्हा किंचित जवळ उभे राहून पाहणे पुरेसे ठरू शकते. विखुरलेल्या ठशांचे मूळ सहसा दर वेळी बदलणाऱ्या अंतरात किंवा डळमळणाऱ्या तोलात सापडते. ठसे एकत्र येऊ लागले की पूर्ण स्विंगकडे वळावे आणि ड्रायव्हर सर्वांत शेवटी बाहेर काढावा.