दूरदेशीच्या लढ्याचा समाजशास्त्रीय अभ्यास कसा करावा

जगात कुठेही मोठे आंदोलन उभे राहिले की आपण पहिल्या दिवशीच दोनपैकी एक निकाल देऊन मोकळे होतो. एक तर लोकांच्या सहनशीलतेचा अंत झाला असे म्हणतो, नाही तर कोणीतरी त्यांना चिथावले असे म्हणतो. दोन्ही उत्तरांत थोडेफार तथ्य असते, पण मूळ प्रश्न तसाच राहतो. हाल वर्षानुवर्षे चालू होते, मग लोक याच वेळी का उठले, आणि तितकेच गांजलेले शेजारचे लोक गप्प का राहिले? सोलापुरात समाजशास्त्र किंवा राज्यशास्त्र शिकणाऱ्यांनी आणि केवळ जिज्ञासेपोटी वाचणाऱ्यांनीही अभ्यासाची सुरुवात याच प्रश्नापासून करावी, असे माझे आग्रहाचे मत आहे.

प्रथम एकच लढा निवडावा आणि त्यातील ठिणगी ठरलेल्या घटनेच्या आधी तशीच एखादी घटना वाया गेली होती का, हे शोधावे. अमेरिकेतील माँटगोमेरी शहरात १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स यांना बसमधील जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडण्यास नकार दिल्याबद्दल अटक झाली आणि त्यातून ३८१ दिवसांचा बस-बहिष्कार उभा राहिला, हे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र त्याच शहरात, त्याच कारणावरून, त्याच वर्षी २ मार्चला क्लॉडेट कॉल्विन या पंधरा वर्षांच्या मुलीलाही अटक झाली होती, आणि तेव्हा बहिष्कार झाला नव्हता. अन्याय तोच, कायदा तोच, शहरही तेच. फरक होता तो माणसांच्या जाळ्यात. पार्क्स नागरी हक्कांच्या संघटनेच्या स्थानिक शाखेच्या चिटणीस होत्या आणि कार्यकर्त्यांच्या वर्तुळात त्यांचा शब्द वजनाचा होता. कॉल्विनला पुढे करण्यास मात्र नेते कचरले. पार्क्स यांच्या अटकेच्या रात्री महिला राजकीय परिषदेच्या जो अ‍ॅन रॉबिन्सन यांनी महाविद्यालयातील यंत्रावर हजारो पत्रके काढली, चर्चमधून निरोप गेले आणि कामावर जाणाऱ्यांसाठी मोटारींची पर्यायी व्यवस्था लागली. पेटलेल्या आणि वाया गेलेल्या घटनांची अशी जोडी हाती लागली की निम्मा अभ्यास झाला असे समजावे.

दुसरा टप्पा सर्वांत फलदायी आहे, म्हणून त्याला भरपूर वेळ द्यावा: लोक एकमेकांना आधीपासून कुठे भेटत होते, हे काढावे. १९६४ च्या उन्हाळ्यात मिसिसिपी राज्यात कृष्णवर्णीयांच्या मतदार नोंदणीसाठी जाण्याचे अर्ज अनेक विद्यार्थ्यांनी केले होते. त्यांतील काही प्रत्यक्ष गेले, काहींनी ऐनवेळी माघार घेतली. समाजशास्त्रज्ञ डग मॅकअ‍ॅडम यांनी पुढे हे जुने अर्ज तपासले, तेव्हा दोन्ही गटांच्या विचारांत आणि तळमळीत फारसा फरक आढळला नाही. जे गेले ते अधिक संघटनांचे सदस्य होते आणि त्यांचे जवळचे मित्रही निघाले होते. म्हणून आपल्या टिपणात ‘लोकांचा संताप’ हा शब्द येताच त्याच्यापुढे चर्च, गिरणीचा दरवाजा, तालीम, वसतिगृह, भिशी यांपैकी नेमके काय होते, ते लिहावे.

त्यानंतर लढ्याचे रूप पाहावे. लोक विरोधाचे प्रकार दरवेळी नव्याने शोधत नाहीत. माहीत असलेल्या, परवडणाऱ्या आणि पूर्वीपासून अंगवळणी पडलेल्या प्रकारांतून ते निवड करतात, असे समाजशास्त्रज्ञ चार्ल्स टिली यांनी मांडले. पोलंडच्या किनारपट्टीवर डिसेंबर १९७० मध्ये कामगार रस्त्यावर आले आणि गोळीबारात अनेकांचे प्राण गेले. ऑगस्ट १९८० मध्ये क्रेनचालक आना वॅलेंटिनोविच यांना कामावरून काढल्यावर ग्दान्स्कचे कामगार तो धडा लक्षात ठेवून रस्त्यावर न येता गोदीच्या आतच ठाण मांडून बसले, आणि ३१ ऑगस्टला सरकारला करारावर सही करावी लागली. अर्जेंटिनात लष्करी राजवटीने बेपत्ता केलेल्या मुलांच्या माता ३० एप्रिल १९७७ रोजी ब्वेनोस आयरेसच्या प्लाझा दे मायो चौकात जमल्या. एका जागी घोळका करून थांबायला मनाई होती, म्हणून त्या जोडीजोडीने चालू लागल्या. आज जगाला ठाऊक असलेली त्यांची प्रदक्षिणा अशी बंदीतूनच जन्मली.

सत्तेच्या बाजूचाही अभ्यास तितक्याच सचोटीने करावा. राज्यकर्त्यांत फूट होती का, पोलीस कोणाच्या हुकमात होते, याची नोंद नसेल तर निष्कर्ष लंगडा राहतो.

तुलना करताना सोलापूरकराने विशेष जपावे. पोलंडमध्ये १३ डिसेंबर १९८१ रोजी मार्शल लॉ पुकारला गेला, हे वाचताच आपल्याला मे १९३० चा आपला मार्शल लॉ आठवणे स्वाभाविक आहे. पण नाव एक असले तरी एका ठिकाणी परकी सत्ता गांधीजींच्या अटकेनंतर पेटलेले गिरणगाव ताब्यात घेत होती, तर दुसरीकडे स्वतःला कामगारांचे म्हणवणारे सरकार कामगारांचीच संघटना मोडू पाहत होते. साम्य शोधायचेच असेल, तर ते माणसांच्या नात्यांत शोधावे. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन हे वेगवेगळ्या समाजांतले होते. त्यांना एकत्र आणणाऱ्या जागा कोणत्या होत्या, हा प्रश्न मला अभिवादनाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

परदेशी लढ्याला हात घालण्यापूर्वी हीच पद्धत आपल्या विडी कामगार महिलांच्या चळवळीवर वापरून पाहावी. गिरणी कामगाराला दरवाजा होता, पाळी होती, भोंगा होता. विडी वळणारी बाई मात्र पाने आणि तंबाखू घरी नेऊन उंबरठ्याआड बसते. मग त्या एकत्र कशा आल्या? पाने घेण्याच्या आणि विड्या मोजून देण्याच्या रांगेत तासभर उभे राहिले, तर उत्तराची पहिली खूण मिळेल, कारण माल नाकारला गेल्याची तक्रार तिथेच एकीच्या तोंडून दुसरीच्या कानी जाते. कुंभारी येथील गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगार महिलांसाठी १०,००० घरे उभी राहिली. मजुरीसाठी लढणारी संघटना घराच्या मागणीकडे का वळली, असे अनेकजण विचारतात. ज्या बाईचे घर हाच कारखाना आहे, तिच्यासाठी पक्के छत आणि चार हात मोकळी जमीन या कामाच्या जागेच्याच अटी आहेत, हे लक्षात आले की मागणीचा अर्थ लागतो.

मुलाखतीला जाताना तेलुगू जाणणारी व्यक्ती सोबत न्यावी, कारण सोलापूरच्या पूर्व भागातील अनेक घरांत मोकळेपणाने बोलण्याची भाषा तीच आहे. हातातले काम थांबवायला सांगू नये. दिवसाचा हिशेब विड्यांवर असतो, आणि हात चालू असताना बोलणेही सहज होते. नाव टिपण्याआधी परवानगी घ्यावी, आणि मालक किंवा कंत्राटदार जवळ असेल तर प्रश्न विचारूच नयेत. सांगितलेल्या प्रत्येक घटनेचा काळ त्यांना सणावरून किंवा मुलाबाळांच्या वयावरून विचारावा, आणि मग हिराचंद नेमचंद वाचनालयात किंवा जिथे जुनी वर्तमानपत्रे मिळतील तिथे बसून तो ताडून पाहावा. वर्तमानपत्र एक सांगत असेल आणि बाई दुसरे सांगत असेल, तर दोन्ही नोंदी शेजारी शेजारी ठेवाव्यात आणि त्यांतील एकही घाईने खोडू नये.