हात-पाय हलणाऱ्या कागदी बाहुल्या पोस्टाने पाठवताय? मग या चुका टाळा

मला पाकिटातून आलेली बाहुली बघायची कितीही घाई असली तरी आता आधी तिचा खांदा बघते, कारण दर वेळी तीच गत, साडीचे काठ असे रंगवलेले की बघत राहावं आणि हात जरा वर केला की खांदा फाटलेला. जीव तुटतो अक्षरशः.

सांध्याचं भोक कडेला लागून पाडू नका. हे मी नवीन येणाऱ्या प्रत्येकाला सांगते आणि तरी निम्मे जण पाडतातच, कारण हात बारीक, नाजूक दिसायला हवा असतो. दंड नाजूक ठेवा की, पण खांद्याशी गोल रुंद ठेवा. माझं माप सोपं आहे, भोक आणि कड यांच्यात गव्हाचा एक दाणा लांबीत मावला पाहिजे, नाही मावला तर तो हात बाजूला ठेवायचा आणि दुसरा कापायचा. आणि ऑफिसातलं पंचिंग मशीन तर लांबच ठेवा, त्याचं भोक जवळजवळ 6 मिलिमीटरचं पडतं, त्यात ब्रॅडचे (सांधा जोडायची, मागं दोन पाय फाकवायची धातूची पिन) पाय खुळखुळतात आणि बाहुलीचा हात वर राहतच नाही. मी चपला शिवायची आरी वापरते, कोल्हापुरात ती मिळायला काय अडचण?

आता ब्रॅडचं. 2021 च्या जुलैत मी एक पैलवान केला होता, लाल लंगोट, अंगाला तांबडी माती लावल्यासारखा रंग, दंड थोपटता येईल असे कोपरात पण सांधे. सोबत नऊवारीतली एक बाई, दोघं एकाच पाकिटात, नाशिकच्या मैत्रिणीला. चकचकीत पिवळे ब्रॅड लावले. नेमकं त्याच आठवड्यात पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं, गाड्या थांबल्या, पाकीट पोचायला दोन आठवडे गेले. तिनं फोटो पाठवला तेव्हा मला रडू आलं, ब्रॅड गंजून पैलवानाच्या दोन्ही खांद्यांवर तांबूस डाग, आणि एका ब्रॅडचं डोकं दाबून दाबून बाईच्या गालावर गोल खड्डा. तेव्हापासून मी दोराच वापरते. 18 व्या शतकात पॅरिसमध्ये पँटिन म्हणून हलणाऱ्या कागदी बाहुल्यांचं वेड होतं, त्या पण दोऱ्यावरच हलायच्या, म्हणजे ही काही माझी नवीन युक्ती नाही.

करायचं असं, सुती दोरा दुहेरी घेऊन मेणावरून ओढायचा, पुढं एक गाठ, मागं कार्डाची छोटी टिकली आणि तिच्यावर दुसरी गाठ. पण ही मागची गाठ मारताना हात आणि धड यांच्यात एक पोस्टकार्ड सरकवून ठेवा आणि गाठ बसली की ओढून काढा, तेवढीच ढील सांध्याला लागते. घाईवाले लोक ही पायरी गाळतात, गाठ करकचून आवळतात आणि मग हात हलत नाही म्हणून मला मेसेज करतात.

बाकीच्या चुका पटापट सांगते. नेटवरचा साचा प्रिंट करून थेट चांगल्या कार्डावर कापू नका, आधी जुन्या लग्नपत्रिकेवर एक करून बघा, घरात ढीग असतो. रंगवताना सांध्याखाली झाकला जाणारा भाग पण रंगवा, नाहीतर हात वर केला की पांढरं दिसतं. कार्ड हलक्या हातानं दोन्ही दिशांनी वाकवून बघा, ज्या दिशेनं ताठ राहतं त्या दिशेनं हात-पायांची लांबी घ्या. रंगानं कागद वळतो, म्हणून वाळल्यावर रात्रभर जाड पुस्तकाखाली ठेवा, इस्त्री फिरवू नका!

पॅकिंगमध्ये एकच पुठ्ठा घालणारे फार आहेत. खोक्याच्या पुठ्ठ्याला आत नळ्या असतात, त्या नळ्यांच्या दिशेनं तो पटकन दुमडतो, म्हणून दोन तुकडे घ्या, एकाच्या नळ्या उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या, मध्ये बाहुली. हात-पाय अंगाशी मिटून कागदी पट्टीनं बांधा, सेलोटेप बाहुलीला चिकटवू नका, निघताना रंग घेऊन निघते. पावसाळ्यात वरून प्लास्टिकची पिशवी. वजन घरी अंदाजानं न धरता काउंटरवर करून घ्या, तिकीट कमी पडलं तर पैसे समोरच्याला भरावे लागतात आणि भेट म्हणून पाठवलेल्या गोष्टीला हे बरं दिसत नाही.

शेवटी पाकीट बंद केल्यावर मी ते कानाशी धरून हलवते, आत काही सरकल्याचा आवाज आला तर परत उघडते.