नजर इथे, खूण तिथे : व्हीआर हेडसेटला तुमचे डोळे नीट वाचायला कसे लावावे

काही व्हीआर (आभासी जग दाखवणारे) हेडसेट तुम्ही कुठे बघताय ते ओळखतात. पण मेनूतल्या ‘सुरू करा’कडे बघावं आणि उजळावं शेजारचं ‘बाहेर पडा’! असं होत असेल तर आधी चूक कोणत्या जातीची आहे ते ओळखा. एका बारीक ठिपक्याकडे दोन-तीन सेकंद टक लावून बघा. नजरेची खूण दर वेळी एकाच बाजूला, तेवढ्याच अंतरावर पडते? मग हेडसेट नीट बसलेला नाही किंवा कॅलिब्रेशन (पडद्यावरच्या ठिपक्यांकडे बघून हेडसेटला तुमच्या डोळ्यांची ओळख करून देणं) बिघडलंय. ती जागच्या जागी थरथरते? मग बहुधा हेडसेटमधल्या कॅमेऱ्याला डोळा स्वच्छ दिसत नाही.

नजर ओळखणाऱ्या बहुतेक हेडसेटमध्ये लेन्सजवळचे छोटे दिवे डोळ्यावर अवरक्त (आपल्याला न दिसणारा) प्रकाश टाकतात. बुबुळावरच्या पारदर्शक पटलावर त्यांचे चमकते ठिपके उमटतात. हे ठिपके आणि बाहुलीचा मध्य यांच्यावरून नजरेची दिशा काढली जाते. सगळा मिलिमीटरचा हिशेब. हेडसेट नाकावरून जरा घसरला की तो चुकू लागतो.

म्हणून पहिलं काम पट्ट्याचं. सोनीचा प्लेस्टेशन व्हीआर2 हेडसेट असेल तर मागची चकती फिरवून पट्टा घट्ट करा आणि डोकं जोरात हलवून बघा. चित्र हललं तर अजून सैल आहे. मग लेन्समधलं अंतर. प्रौढांच्या दोन बाहुल्यांत सरासरी 63 मिमी अंतर असतं, पण तुमचं सरासरीइतकंच असेल असं नाही. तुमचे डोळे लेन्ससमोर कुठे आहेत हे व्हीआर2 पडद्यावरच दाखवतो. ते मध्यावर येईपर्यंत लेन्सची चकती फिरवा.

आता थरथर. लेन्स कोरड्या मायक्रोफायबर कापडाने पुसा. चष्म्याच्या काचेवर दिव्यांचं प्रतिबिंब पडतं, त्यामुळे हेडसेटच्या लेन्सवर बसवायच्या नंबराच्या जोडलेन्स मिळत असतील तर त्या बऱ्या. आणि काजळ-मस्करा! काळ्याभोर पापण्यांनाच यंत्र कधी बाहुली समजतं. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर पडदा ओढा. उन्हातही अवरक्त प्रकाश असतोच.

एवढं झाल्यावरच कॅलिब्रेशन करा. मान स्थिर, फक्त डोळे हलवा. ठिपका पुढे कुठे जाणार याचा अंदाज बांधून आधीच तिकडे बघू नका. माझ्या मते घाईत सगळ्यात जास्त हीच चूक होते. नंतर एखाद्या अंधाऱ्या दृश्यातही तपासा, कारण बाहुली मोठी होताना तिचा मध्य किंचित सरकतो.

खेळ स्वतः बनवत असाल तर एक आकडा जवळ ठेवा : 1 अंशाची चूक म्हणजे 2 मीटरवर सुमारे साडेतीन सेंटिमीटर. बटण दिसायला लहान चालेल, पण त्याचं न दिसणारं क्षेत्र ऐसपैस हवं. नुसत्या बघण्याने निवड होऊ देऊ नका. नजरेने नेम धरावा, बोटाने बटण दाबावं. थरथर कमी करायला ‘वन युरो’ फिल्टर (खुणेची हालचाल गुळगुळीत करणारं गणित) चांगला : नजर स्थिर असताना तो जास्त गुळगुळीत करतो, वेगात असताना कमी. मात्र एका बाजूला सरकलेली खूण कुठलाही फिल्टर जागेवर आणत नाही. तिथे पुन्हा पट्टाच बघावा लागतो.

आणि हेडसेट भावंडाने घालून परत दिला असेल तर कॅलिब्रेशन पुन्हा करा.