शेपूट वळवळतंय? जायरोला नंतर हात लावा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. दिवाळीनंतर एका संध्याकाळी भाचा आपलं रिमोटवर उडणारं ४५० साइजचं मॉडेल हेलिकॉप्टर काखेत मारून आला. म्हणाला, "मामा, शेपूट लई वळवळतंय. गेन वाढवला की थरथरतंय, कमी केला की भरकटतंय. जायरो बाद झालाय, नवा घ्यायला पायजे." जायरो म्हणजे शेपूट वळलं की ते ओळखून सर्व्होला, म्हणजे टेलच्या पात्यांचा कोन बदलणाऱ्या छोट्या मोटरला, हुकूम देणारं यंत्र. गेन म्हणजे त्या हुकमाचा जोर. मी टेलची दोन्ही पाती चिमटीत धरून हलवली. पिच स्लायडर, म्हणजे पात्यांचा कोन बदलणारा सरकता भाग, चांगला अर्धा मिलिमीटर मागंपुढं झाला, पण सर्व्होचा हॉर्न (त्याची दांडी) जागचा हलला नाही. म्हटलं, "जायरो ठणठणीत हाय बाळा. ह्यो प्ले, ही ढिलाई, कोण काढणार?"

लेथच्या क्रॉस स्लाइडला बॅकलॅश, म्हणजे स्क्रूत ढिलाई, असेल तर डायल कितीही जपून फिरवा, माप चुकणारच. इथंही तेच. जायरो सर्व्होला सांगतो "एवढं सरक", सर्व्हो सरकतो, पण निम्मी चाल प्लेमध्येच जिरते. शेपूट वळलेलंच राहतं म्हणून जायरो आणखी जोर लावतो, मग ते एकदम पलीकडं जातं. झाली वळवळ सुरू. ती गेन कमी करून झाकता येते, जात नाही. म्हणून माझ्याकडं जायरो लावायला कुणी आलं की पहिला तासभर मी रेडिओ (हातातला रिमोट) चालूच करत नाही.

आधी सर्व्होच्या हॉर्नवरची बॉल लिंक काढा आणि पुशरॉड (सर्व्होपासून स्लायडरपर्यंतची तार) बोटानं ढकलून बघा. स्लायडर या टोकापासून त्या टोकापर्यंत लोण्यासारखा सरकला पाहिजे. कुठं अडत असेल तर बूमवरचे (शेपटीच्या नळीवरचे) पुशरॉडचे गाइड एका रेषेत आहेत का बघा, नव्वद टक्के वेळा तेच असतं. बॉल लिंक घट्ट असेल तर ती बॉलवर बसलेली असतानाच नोज पकडीनं अलगद दाबायची, थोडी सैल होते. जास्त दाबाल तर प्ले येईल आणि नवी टाकावी लागेल. टेलच्या पात्यांचे बोल्ट करकचून आवळू नका. फिरल्यावर पाती आपोआप सरळ व्हायला हवीत. टेल हबचा ग्रब स्क्रू मात्र थ्रेडलॉक लावूनच. बेल्ट सैल असला तर दात सोडतो, ताणून बसवला तर बेअरिंग खातो. भाच्याच्या मशिनवर स्लायडरच्या लिव्हरचं बुश झिजलं होतं. बदललं, आणि निम्मं दुखणं तिथंच संपलं.

आता रेडिओ. मोटरच्या तीन वायरींपैकी दोन काढून ठेवा, वरची मोठी पातीही काढा. हा आळस करू नका. सव्वातीनशे मिलिमीटरचं पातं मिनिटाला अडीच हजारांच्या आसपास फेरे घेतं, आणि टेल त्याच्या चौपट. वर्कशॉपमध्ये चक की चकमध्येच विसरलेला माणूस एकदा बघितला की असल्या गोष्टी आपोआप लक्षात राहतात.

जायरो सोबतच्या दुहेरी टेपवर सपाट बसवा, त्याची वायर ढिली ठेवा. ताणलेली वायर सगळं व्हायब्रेशन आत नेते. रेडिओत रडरचा, म्हणजे शेपूट वळवणाऱ्या स्टिकचा, ट्रिम आणि सबट्रिम शून्य, रडरची चाल दोन्हीकडं शंभर, आणि जुन्या पद्धतीचं रेव्होल्यूशन मिक्सिंग (थ्रॉटलबरोबर टेल आपोआप हलवणारं) असेल तर ते बंद.

मग जायरोला सर्व्होची जात सांगायची. इथं मी स्वतः पैसे घालवलेत. साधा अ‍ॅनालॉग सर्व्हो सेकंदाला ५० पल्सवर चालतो. टेलचे चांगले डिजिटल सर्व्हो ३३३ पर्यंत घेतात. माझ्याकडं अ‍ॅनालॉग होता आणि मी हौसेनं ३३३ ठेवला. पाच मिनिटांत टेबलावर जळक्या व्हार्निशचा वास, सर्व्होला हात लावता येईना. तसंच पल्सच्या मध्याचं. बहुतेक सर्व्होंचा मध्य १५२० मायक्रोसेकंद, काही खास टेल सर्व्होंचा ७६०. चुकीचा निवडला तर सर्व्हो एका टोकाला जाऊन धडक मारत बसतो. कागद वाचा, आणि कागद हरवला असेल तर १५२० आणि कमी वेगानं सुरुवात करा, त्यात धोका कमी.

यापुढचं सगळं रेट मोडमध्ये. रेट मोडमध्ये जायरो फक्त वळण्याला विरोध करतो. हेडिंग होल्डमध्ये नाक कुठं होतं ते लक्षात ठेवून तिथं परत आणतो. टेबलावर हेडिंग होल्ड ठेवलात तर सर्व्हो मध्यावर येतच नाही आणि माणूस उगाच चक्रावतो. काही रेडिओत गेन उणे केला की रेट मोड येतो, काहींत पन्नासच्या खाली.

बॅटरी लावली की हात मागं! सुरुवातीची काही सेकंदं जायरो स्वतःचं शून्य ठरवत असतो. तेवढ्यात मशिन हललं तर पुढं हवेत ते हळूहळू वळत राहतं. लाइट स्थिर झाला, की स्टिक मध्यावर ठेवून हॉर्न पुशरॉडशी काटकोनात बसवा. स्प्लाइनवर नेमका काटकोन येत नसेल तर हॉर्न उलटसुलट करून बघा, एका घरात तरी जवळ बसतोच.

आता दिशा, आणि ही दोनदा तपासा. बहुतेक मॉडेलांत वरचा रोटर वरून बघताना घड्याळाच्या काट्यांसारखा फिरतो, म्हणून अंग उलटं वळू बघतं, नाक डावीकडं. ड्रिल अडकलं की मनगट पिळवटतं ना, तसं. टेलचं काम नाक उजवीकडं ढकलत राहणं. तर, रडर उजवीकडं दिल्यावर टेलच्या पात्यांनी हवा मशिनच्या उजव्या बाजूला फेकली पाहिजे, म्हणजे शेपूट डावीकडं आणि नाक उजवीकडं जातं. उलट असेल तर रेडिओत रडर रिव्हर्स करा. त्या वेळी स्लायडर कुठं पळाला ते बघून ठेवा. नंतर स्टिकला हात न लावता मशिन उचलून नाक झटकन डावीकडं फिरवा. स्लायडर मघाच्याच, उजवा रडर देताना गेला होता त्या बाजूला पळाला तर जायरो बरोबर. उलटीकडं पळाला तर जायरोवरचं रिव्हर्स बदला, रेडिओवरचं नाही. या दोन रिव्हर्सची गल्लत करूनच मी माझं पहिलं मशिन उडवलं होतं. जमीन सोडताच ते भोवऱ्यासारखं फिरलं आणि शेजारच्या उसात घुसलं. तोडणीला आलेल्या उसात ४५० साइजचं मशिन शोधणं काय असतं ते मी आणि माझी बायको जाणतो. बूम सापडली तिसऱ्या सरीत, बॅटरी सातव्या.

स्टिक मध्यावर असताना टेलच्या पात्यांना थोडा पिच हवा, नाक उजवीकडं ढकलणारा. दोन्ही पाती एकाच बाजूला मिटवून बघितली की टोकांमध्ये जरा फट दिसते, तेवढं पुरे. मग स्टिक दोन्ही टोकांना नेऊन जायरोवर लिमिट लावा. स्लायडर हबला टेकायच्या किंचित आधी थांबला पाहिजे. टोकाला सर्व्हो गुणगुणत असेल तर तो अडलाय, लिमिट कमी करा.

उडवायला आम्ही पन्हाळ्याच्या अंगाला पाहुण्यांच्या माळावर जातो. उजळाईवाडीचा विमानतळ शहराला लागून आहे, त्यामुळं कुठंही उडवायच्या आधी सरकारच्या डिजिटल स्काय या ड्रोनच्या वेबसाइटवरचा नकाशा बघून घ्या, लाल पट्ट्यात नाद करू नका. शिवाय सकाळीच जा. माळावरून एका गुऱ्हाळाची चिमणी दिसते. धूर सरळ वर जातोय तोवर गेन लावायचा, आडवा झाला की बंद. वाऱ्यात शेपूट हललं तर ते वाऱ्यानं की गेननं, हे कळत नाही.

पहिली बॅटरी रेट मोडमध्ये, डोक्याच्या उंचीवर हॉवर, म्हणजे एका जागी तरंगत. नाक एका बाजूला सरकत असेल तर ट्रिमला हात लावायचा मोह होतो. लावू नका. खाली उतरवा, बॅटरी काढा आणि पुशरॉडची लांबी बदला. काही लिंका एकाच बाजूनं बॉलवर बसतात, त्या पूर्ण फेऱ्यातच फिरवता येतात. मधलं माप हवं असेल तर बूमवरच्या सर्व्होच्या क्लॅम्पचे स्क्रू सैल करून सर्व्होच मिलिमीटरभर सरकवा. भाच्याला तीन वेळा उतरावं लागलं. तिसऱ्या वेळी नाक जवळपास जागेवर राहिलं.

आता हेडिंग होल्ड. गेन कमीवर सुरू करा, आमच्या रेडिओत (त्यात उणे म्हणजे रेट मोड) आम्ही तिसावर ठेवला, आणि दोन-दोननं चढवत जा. एका आकड्याला शेपूट बारीक, जलद थरथरतं, कुत्रं अंग झटकतं तसं. तिथून तीन-चार आकडे मागं या. थरथर जलद असेल तर गेन जास्त. शेपूट संथ, झोपाळ्यासारखं डुलत असेल तर गेनचा दोष नाही, परत वर्कशॉपमध्ये, प्ले शोधा. फिरवून झटक्यात थांबवल्यावर ते थोडं पुढं जाऊन परत येत असेल आणि सर्व्हो मंद असेल, तर जायरोवरचा डिले थोडा वाढवा. नुसतं ढिलंढालं थांबत असेल तर गेनच कमी आहे.

भाच्याचं मशिन ४२ ला थरथरलं, आम्ही ३८ वर आणलं. मग त्यानं आयडल-अप (कसरतींसाठीचा जास्त वेगाचा मोड) मारला, रोटरचा वेग वाढला, आणि परत थरथर. वेग वाढला की तेवढ्याच पिचमध्ये टेलची ताकद वाढते, म्हणून तिथं गेन कमी लागतो. आयडल-अपला ३३ बसला. दोन्ही आकडे त्यानं कॅनोपीच्या (पुढच्या टोपाच्या) आतल्या बाजूला मार्करनं लिहिले. तोवर गुऱ्हाळाचा धूर आडवा झाला होता, राहिलेली बॅटरी न वापरताच आम्ही गाडीला किक मारली.