केगावच्या कॅम्पसला एमएस्सी: मायग्रेशनचं काम असं झालं

बहिणीने बीएस्सी सांगलीत केलं, म्हणजे कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ, आणि एमएस्सीला नंबर लागला आपल्या सोलापूर विद्यापीठात, केगावच्या कॅम्पसला. 2004 च्या आधी सोलापूरची कॉलेजं पण कोल्हापूरलाच जोडलेली होती, म्हणून घरात सगळे म्हणाले टीसी (कॉलेज सोडल्याचा दाखला) दिली की झालं, पण आता विद्यापीठं वेगळी त्यामुळे मायग्रेशन, म्हणजे दुसऱ्या विद्यापीठात जायला जुन्या विद्यापीठाचा दाखला, लागतंच. टीसी कॉलेज देतं आणि मायग्रेशन विद्यापीठ, हे कुणी नीट सांगत नाही अन् पोरं बिचारी एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर फिरत बसतात, खरंच राग येतो याचा.

आम्ही आधी लायब्ररीची पुस्तकं जमा करून नो ड्यूज घेतलं, मग टीसी काढली, तिच्या भरपूर झेरॉक्स मारून ठेवल्या आणि लगेच मायग्रेशनचा अर्ज टाकला. तोवर अॅडमिशन अडू नये म्हणून हमीपत्र लिहून दिलं, सोबत अर्जाची पावती जोडली, त्यावर तात्पुरतं अॅडमिशन झालं. मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, तर फॉर्म मार्कशीटप्रमाणेच भरला.

मायग्रेशन आल्यावर ओरिजिनल जमा केलं आणि तिथंच उभं राहून पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय ओरिजिनल कागद कुणाच्याच हातात देऊ नका.