सोफ्यावर बसून विमान उडवताय? कंट्रोल्स लावताना या चुका टाळा

फ्लाइट सिम्युलेटरचे कंट्रोल्स कसे लावायचे हे सांगणारे बहुतेक जण टेबल-खुर्ची गृहीतच धरतात. टेबल हलत नाही, खुर्ची वर-खाली करता येते, कीबोर्ड हाताशी असतो. सोफ्यावर यातलं काहीच नसतं. गादी दबते, मांडी हलते, टीव्ही लांब असतो. मग उतरताना विमानाचं नाक वर-खाली डोलायला लागलं की माणूस तडक सेटिंग्जमध्ये शिरतो आणि सेन्सिटिव्हिटीचे स्लायडर ओढत बसतो. माझं मत विचाराल तर सोफ्यावरच्या बऱ्याचशा तक्रारी सेटिंग्जच्या नसतातच, बैठकीच्या असतात. आधी बूड पक्कं करा, सॉफ्टवेअरकडे नंतर वळा.

जॉयस्टिक थेट मांडीवर ठेवणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि सगळ्यात जास्त वेळ खाणारी. जॉयस्टिक मागे ओढली की तिचा तळही थोडा मागे कलंडतो. म्हणजे तुम्ही जेवढं ओढलं त्यातलं थोडं तळ कलंडण्यातच गेलं. नाक हवं तेवढं उचललं जात नाही, म्हणून तुम्ही आणखी ओढता. तेवढ्यात तळ पुन्हा बसतो आणि नाक हवं त्यापेक्षा वर जातं. मग पुढे ढकला, पुन्हा मागे ओढा. धावपट्टी समोर आल्यावर सुरू होणारी ही उचकी हाताची नसते, तळाची असते.

खातरजमा करायला दोन मिनिटं पुरतात. सिम्युलेटरमधला सेन्सिटिव्हिटीचा स्क्रीन उघडा. तिथे प्रत्येक अक्षाची, म्हणजे कंट्रोलच्या एकेका दिशेची, हालचाल दाखवणारा ठिपका असतो. जॉयस्टिकवरून हात काढा. ठिपका आपोआप थरथरत असेल तर दोष सेन्सरचा किंवा केबलचा. ठिपका शांत असेल तर आता हात नुसता सैलसा जॉयस्टिकवर ठेवा आणि पाय थोडे हलवा, बूड सरकवा. ठिपका उड्या मारायला लागला तर उपकरण ठणठणीत आहे, त्याखालची जागा बदला.

उपाय साधा आहे. दोन्ही मांड्यांवर आडवी बसेल एवढी रुंद, कडक फळी घ्या, तिच्या खालच्या बाजूला घसरू न देणारा रबरी मॅट लावा आणि जॉयस्टिक फळीवर पक्की करा. तळाच्या रबरी चकत्या कापडावर किंवा खरबरीत लाकडावर चिकटत नाहीत, त्यांच्या भरवशावर राहू नका. स्क्रू, क्लॅम्प किंवा जाड वेल्क्रो वापरा. थ्रस्टमास्टर कंपनीच्या टी-फ्लाइट होटास या जॉयस्टिक मालिकेत थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा लिव्हर) आणि स्टिक वेगळे करता येतात. फळी अरुंद असेल तर वेगळे करून दोन बाजूंना लावा, नाहीतर जोडलेलेच राहू द्या, जड तळ जास्त स्थिर असतो. या मालिकेतल्या काही मॉडेलांना स्टिकचा ताण कमी-जास्त करायची सोय आहे. सोफ्यावर ताण थोडा कमीच ठेवा. स्प्रिंग जितकी कडक, तितका तळ जास्त उचलला जातो.

सोफ्याच्या हातावर जॉयस्टिक बसवायचा मोह खूप जणांना होतो, एअरबससारखी बाजूची स्टिक म्हणून. सोफ्याचा हात सपाट, कडक आणि कोपराच्या उंचीचा असेल तर जरूर बसवा. पण बहुतेक सोफ्यांचे हात गोल आणि उंच असतात. तिथे खांदा वर उचलून धरावा लागतो आणि अर्ध्या तासात मान धरते. कोपर शरीराजवळ, काटकोनाच्या आसपास वाकलेलं आणि हात टेकलेला, एवढं जमलं की झालं. ते मांड्यांच्या मध्ये सहज जमत असेल तर स्टिक तिथेच असू द्या.

पेडल नुसते जमिनीवर सोडणं

रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारं शेपटीचं सुकाणू) चालवणारे पेडल दाबले की ते पुढे सरकतात, नाहीतर सोफा मागे सरकतो. गुळगुळीत फरशीवर दोन्ही होतं. गालिचा असेल तर वेल्क्रोची खरखरीत बाजू पेडलच्या तळाला लावा, ती गालिच्याला बऱ्यापैकी धरते. फरशी असेल तर पेडल एका फळीवर बसवा आणि फळी पट्ट्याने सोफ्याच्या पुढच्या पायांना बांधा. मग पेडल ढकलले तरी पट्टाच ताण घेतो.

दुसरी अडचण उंचीची. सोफा बुटका असतो, गुडघे कमरेच्या वर येतात आणि पाऊल आपोआप पेडलच्या वरच्या भागावर टेकतं. तिथेच टो ब्रेक, म्हणजे पावलाच्या पुढच्या भागाने दाबायचे चाकांचे ब्रेक, असतात. उड्डाणाच्या वेळी पूर्ण थ्रॉटल देऊनही विमान वेग घेत नसेल, किंवा सारखं एका बाजूला ओढलं जात असेल, तर इंजिनाला दोष देण्याआधी टो ब्रेकचा ठिपका बघा. पाठीमागे एक कडक उशी घ्या, टाचा जमिनीवर टेकवा आणि टो ब्रेकला दहा टक्क्यांच्या आसपास डेड झोन द्या, म्हणजे तेवढ्या छोट्या हालचालीकडे सिम दुर्लक्ष करेल.

पेडल नसतील तर काही बिघडत नाही. जॉयस्टिक पिरगाळून रडर देता येतो, फक्त मागे ओढताना मनगट नकळत वळतं आणि विमान आडवं सरकतं. म्हणून पिरगाळायच्या अक्षाला बाकीच्यांपेक्षा जास्त डेड झोन लागतो.

एकाच कामाला दोन मालक

आता सॉफ्टवेअरकडे. थ्रॉटल मध्येच शून्यावर येतो, फ्लॅप्स (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) आपोआप फडफडतात, विमान कारण नसताना एका बाजूला झुकतं, या तक्रारींमागे बहुतेकदा एकच अक्ष दोन उपकरणांना दिलेला असतो. सोफ्यावर हे जास्त होतं, कारण जॉयस्टिक लावलेली असली तरी मेनू फिरवायला गेमपॅड चालूच असतो.

मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर 2020 मध्ये एक्सबॉक्स गेमपॅडच्या मूळ प्रोफाइलमध्ये डावी काडी नाक आणि पंख सांभाळते, दोन्ही ट्रिगर रडर देतात, आणि ए व बी बटणांवर थ्रॉटल असतो. आता हा गेमपॅड बाजूला उशीला टेकून पडलाय आणि एक ट्रिगर अर्धा दाबला गेलाय अशी कल्पना करा. तुम्ही जॉयस्टिकने विमान सरळ ठेवायला झगडताय आणि सोफ्याची उशी रडर देतेय! गेमपॅडची प्रोफाइल कॉपी करा, नव्या प्रतीला वेगळं नाव द्या आणि तिच्यातून उडवण्याचे सगळे अक्ष काढून टाका. मेनू, कॅमेरा आणि पॉज एवढंच ठेवा. मूळ प्रोफाइल बदलू देत नाही, म्हणून आधी प्रत काढावी लागते.

डीसीएस या लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरमध्ये हा त्रास आणखी चिवट आहे. नवं उपकरण जोडलं की तो गेम त्याला स्वतःहून अक्ष देऊन टाकतो, आणि तेही प्रत्येक विमानासाठी वेगळे. जोडलेल्या प्रत्येक उपकरणाचा रकाना बघून नको ते पुसा. स्टीम या ऑनलाइन दुकानातून गेम घेतला असेल तर त्या गेमच्या गुणधर्मांत जाऊन स्टीम इनपुट ही त्याची गेमपॅड सांभाळणारी सोय बंद करून पाहा. कधीकधी त्याच्यामुळे एकच गेमपॅड दोनदा दिसतो.

यूएसबीचं भोकही बदलू नका. उपकरण दुसऱ्या भोकात लावल्यावर काही वेळा ते नवं समजलं जातं आणि कोणत्या बटणाला कोणतं काम ही सगळी बांधणी हरवल्यासारखी दिसते. भोकावर खूण करून ठेवा.

कर्व्ह जास्त वाकवणं

गेमपॅडच्या काडीची हालचाल अगदी थोडी असते, म्हणून कर्व्हचा, म्हणजे काडी किती हलवली की कंट्रोल किती हलतो या रेषेचा, मधला भाग मऊ करणं गरजेचं आहे. सेन्सिटिव्हिटी उणे तीसच्या आसपास आणून बघा, पाच-सात टक्के डेड झोन द्या, बस. खूप जण उणे सत्तरपर्यंत जातात. सरळ उडताना ते छान वाटतं. पण मध्ये जेवढं मऊ केलं तेवढं कडेला तिखट होतं, आणि जमिनीला टेकण्याआधी नाक उचलताना नेमकं त्या कडेलाच जावं लागतं. तिथे विमान एकदम उसळतं.

चांगल्या जॉयस्टिकला कर्व्ह शक्यतो सरळच ठेवा. टी-16000एमसारख्या मॉडेलांमध्ये चुंबकीय सेन्सर आहेत, त्यांना डेड झोन जवळपास लागतच नाही. जुन्या, घासून चालणाऱ्या सेन्सरच्या जॉयस्टिकमध्ये धूळ गेली की ठिपका थरथरतो. तिथे थोडा डेड झोन हवाच. पण डेड झोन वाढवत वाढवत पंधरा-वीस टक्क्यांवर गेलात तर समजा की दुखणं दुसरीकडे आहे.

ट्रिम न वापरणं

सोफ्यावर मनगट दुखतं याचं खरं कारण बहुतेकदा हेच. लोक वीस मिनिटं जॉयस्टिक किंचित पुढे दाबून धरतात, म्हणजे विमान वर चढू नये. खऱ्या विमानात कोणी असं करत नाही. ट्रिम नावाचा छोटा कंट्रोल फिरवून हातावरचा जोर काढून टाकतात.

इथे एक फरक समजून घ्यायला हवा, नाहीतर ट्रिम कधीच जमणार नाही. सेस्नासारख्या साध्या छोट्या विमानात ट्रिम केल्यावर कंट्रोल जिथे धरलाय तिथेच हलका होतो. घरातली स्प्रिंगची जॉयस्टिक मात्र नेहमी मध्यालाच परत जाऊ बघते. म्हणून आधी जॉयस्टिकने नाक हव्या त्या जागी आणा आणि तिथे धरा. मग ट्रिमचं बटण थोडं थोडं दाबत, त्याच वेगाने हात सैल करत मध्याकडे आणा. नाक क्षितिजावर तिथेच राहिलं पाहिजे. जॉयस्टिक मागे ओढून धरली असेल आणि नाक बुडायला लागलं तर हात घाईने सोडताय, वर जायला लागलं तर ट्रिम जास्त देताय; पुढे दाबून धरली असेल तर याच्या उलट. हात मध्यावर आला आणि नाक हललं नाही, म्हणजे ट्रिम झाला. ट्रिमने नाक वर-खाली करायचा प्रयत्न केलात तर विमान झोके घेत राहील.

यासाठी ट्रिम वर आणि ट्रिम खाली ही दोन बटणं अंगठ्याखाली असलीच पाहिजेत. फळीवरच्या लांबच्या बटणावर ट्रिम ठेवलात तर कधी वापरणारच नाही. एअरबसचं ए320 उडवत असाल तर हवेत ही कटकट नाही, तिथे नेहमीच्या स्थितीत विमान स्वतःच ट्रिम करतं. पण त्या विमानाचा थ्रॉटल मात्र नीट मोजून घ्यावा लागतो. फ्लायबायवायर या गटाने सिमसाठी बनवलेल्या ए32एनएक्स या ए320 विमानात कॉकपिटातल्या टॅबलेटवर थ्रॉटलचे टप्पे ठरवायची सोय आहे. ती न वापरता उडालात तर लिव्हर पूर्ण पुढे ढकलूनही टप्पा लागत नाही, किंवा दोन टप्प्यांच्या मध्ये लटकत राहतो.

मदतीच्या सोयी विसरून जाणं

ऑटो-रडर चालू आणि पेडलही जोडलेले, असं असेल तर दोघांची ओढाताण होते. ऑटो-ट्रिम चालू असताना हाताने ट्रिम करायला गेलात तर तुमचा ट्रिम कोणीतरी मागून पुसतंय असं वाटेल. एकतर सोय ठेवा, नाहीतर कंट्रोल.

केबल, बॅटरी आणि टीव्ही

यूएसबी 2.0 च्या साध्या केबलची मर्यादा 5 मीटर आहे. दोन-तीन स्वस्त जोडकेबल एकापुढे एक लावून सोफ्यापर्यंत आणल्यात तर उपकरण मध्येच गायब होतं. स्वतःचा वीजपुरवठा असलेला हब सोफ्याजवळ ठेवा. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि यूएसबी हबच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करायची परवानगी काढून टाका. लांबच्या प्रवासात ऑटोपायलटवर तासभर कंट्रोलला हात लागत नाही, आणि उतरायच्या वेळी जॉयस्टिक झोपलेली सापडते, ती यामुळेच. बिनतारी गेमपॅडची बॅटरीही उतरण्याआधीच बघा.

टीव्हीवर गेम मोड चालू करा. चित्र गुळगुळीत करणाऱ्या सोयींमुळे हाताची हालचाल पडद्यावर उशिरा दिसते, मग माणूस जास्त ओढतो आणि पुन्हा तेच डोलणं सुरू होतं. ढगांवरून निवांत जाताना फरक कळणार नाही. हेलिकॉप्टर एका जागी तरंगत ठेवताना लगेच कळेल.

प्रत्येक बटणाला काहीतरी काम देणं

कॉकपिटातला प्रत्येक खटका हाताशी हवा, ही हौस सोफ्यावर महागात पडते. अंधाऱ्या खोलीत फळीवरची बारा बटणं चाचपत बसण्यापेक्षा न बघता सापडतील तेवढीच बांधा: ट्रिम, फ्लॅप्स, चाकं, ब्रेक, ऑटोपायलट बंद करणं, आजूबाजूला बघणं आणि कॅमेरा मूळ जागी आणणं. हॅट स्विच (जॉयस्टिकच्या माथ्यावरचं सगळीकडे ढकलता येणारं छोटं बटण) बघण्यासाठीच राखून ठेवा. बाकीचे खटके कर्सरने दाबा. मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये कॉकपिटातल्या खटक्यांसाठी लेगसी आणि लॉक असे दोन प्रकार आहेत. टचपॅड असलेला छोटा कीबोर्ड वापरत असाल तर लेगसी सोपा जातो, गेमपॅडने दाबत असाल तर लॉक. पॉजचं बटण मात्र सगळ्यात सोप्या जागी ठेवा, दाराची बेल बरोबर उतरायच्या वेळीच वाजते.