व्हिटॅमिनच्या गोळ्या देताना या चुका टाळा: वयस्कर, गरोदर आणि दीर्घ आजारी माणसांसाठी

काकूंनी पिशवी टेबलावर उलटी केली. मधुमेहाची मेटफॉर्मिन, पित्ताची गोळी, रक्तदाबाची गोळी आणि त्यांच्या सोबतीला तीन डब्या: एक मल्टिव्हिटॅमिनची, एक नसांसाठी, एक केसांसाठी. मी हॉस्पिटलच्या औषध विभागात काम करते. रुग्ण घरी जाण्याआधी त्याची सगळी औषधं समोर मांडून बघणं हे माझं रोजचं काम. काकूंच्या तळपायांना वर्षभर मुंग्या येत होत्या, रात्री पाय बधिर व्हायचे, अंधारात तोल जायचा. "शुगरमुळे होतं ते," असं त्यांना जो तो सांगत होता. बी-१२ ची तपासणी झाली होती, रिपोर्ट नॉर्मल होता. हिमोग्लोबिनही ठीक होतं.

मी तिन्ही डब्यांची लेबलं वाचली आणि एका कागदावर बेरीज मांडली. फॉलिक ॲसिड तिन्हींत होतं. बी-६ दोन डब्यांत, तेही भरपूर. केसांच्या गोळीत बायोटिन १० मिलिग्रॅम. आणि ज्याची खरी गरज होती ते बी-१२ फक्त मल्टिव्हिटॅमिनमध्ये, एवढंसं.

पुढे जे उलगडलं त्यात इथल्या बहुतेक चुका आल्या, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

कमतरता कुठून आली हे न शोधता गोळी सुरू करणं

अन्नातलं बी-१२ प्रथिनांना चिकटलेलं असतं. ते सुटं व्हायला जठरातलं आम्ल लागतं. मग जठराच्या अस्तरातून पाझरणारा एक खास घटक त्याला धरतो आणि लहान आतड्याच्या शेवटच्या टप्प्यात ते रक्तात शिरतं. या वाटेवर कुठेही अडथळा आला की माणूस कितीही चांगलं जेवत असला तरी बी-१२ कमी पडतं. वय वाढलं की आम्ल कमी होतं. पित्ताच्या गोळ्या तेच आम्ल दाबतात. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्यावर शोषण घटतं. जठराची किंवा आतड्याची शस्त्रक्रिया झालेल्यांची तर वाटच बदललेली असते. काकूंच्या बाबतीत वय, पित्ताची गोळी आणि मेटफॉर्मिन अशी तीन कारणं एकत्र आली होती.

यकृतात बी-१२ चा साठा काही वर्षं पुरेल एवढा असतो, त्यामुळे कारण सुरू झाल्यावर त्रास दिसायला बराच काळ जातो. म्हणूनच "ही गोळी तर मी किती वर्षं घेतोय, कधी काही झालं नाही" या वाक्यावर मी विसंबत नाही.

प्रौढ माणसाची रोजची गरज २ ते २.५ मायक्रोग्रॅमच्या आसपास असते. शोषणाची नेहमीची वाट बंद असेल तर तोंडाने घेतलेल्या डोसचा साधारण १ टक्काच आत जातो. मल्टिव्हिटॅमिनमधल्या दोन-चार मायक्रोग्रॅमचा मग काय उपयोग? पण १००० मायक्रोग्रॅमच्या गोळीचा १ टक्का म्हणजे १० मायक्रोग्रॅम. म्हणून मोठ्या डोसची गोळी अनेकांना चालते. नसांचा त्रास सुरू झालेला असेल, तर मात्र डॉक्टर बहुधा इंजेक्शननेच सुरुवात करतात. त्यात चालढकल करू नका. नसांना झालेली इजा फार दिवस तशीच राहिली तर ती पूर्ण भरून येईलच असं नाही.

फॉलिक ॲसिडने रक्त सुधारलं म्हणून निर्धास्त होणं

ही चूक मला सगळ्यांत जास्त छळते, कारण ती चांगल्या हेतूने होते. बी-१२ कमी पडलं की तांबड्या पेशी मोठ्या आणि अपुऱ्या वाढीच्या तयार होतात, हिमोग्लोबिन उतरतं. फॉलिक ॲसिड दिलं की रक्ताचं हे चित्र सुधारू शकतं. नसांचं मात्र काहीच सुधारत नाही, तिथलं नुकसान चालूच राहतं. रिपोर्टमध्ये रक्त ठीक दिसतं, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. काकूंच्या बाबतीत असंच झालं असावं. थकवा आणि हातापायांना मुंग्या एकत्र असतील, तर बी-१२ बघितल्याशिवाय नुसतं फॉलिक ॲसिड सुरू करू नये.

तपासणीआधी काय घेतलं ते लॅबला न सांगणं

मग बी-१२ चा रिपोर्ट नॉर्मल कसा आला? केसांच्या गोळीमुळे. रक्ताच्या कित्येक तपासण्यांच्या पद्धतीतच बायोटिनचा वापर होतो. रोजची गरज साधारण ३० मायक्रोग्रॅम, आणि केस-नखांच्या गोळ्यांत ते ५ ते १० मिलिग्रॅम, म्हणजे शेकडो पट. एवढं बायोटिन रक्तात फिरत असलं की यंत्राला चुकीचा आकडा मिळतो. काही तपासण्यांत तो खोटा वाढतो, काहींत खोटा उतरतो. बी-१२ खोटं जास्त दिसू शकतं. थायरॉइड नॉर्मल असूनही वाढल्यासारखा दिसू शकतो. सगळ्यांत धोक्याचं म्हणजे हृदयविकाराच्या झटक्यात बघतात ते ट्रोपोनिन खोटं कमी येऊ शकतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता.

काकूंची ती गोळी थांबवली, काही दिवस जाऊ दिले आणि पुन्हा रक्त घेतलं. बी-१२ खूपच खाली होतं.

तुमच्या घरी कुणी बायोटिन घेत असेल तर तपासणीच्या निदान दोन दिवस आधी ते थांबवा. डोस मोठा असेल तर जास्त दिवस लागतात, किती ते लॅबला विचारून घ्या. आणि तातडीने दवाखान्यात जायची वेळ आली तर "ही गोळी चालू आहे" हे पहिल्याच मिनिटात सांगा.

दुसरी सवय म्हणजे आधी गोळ्या आणि इंजेक्शनं सुरू करायची आणि नंतर तपासायचं. तेव्हा आकडा चांगलाच येतो, पण मूळ कमतरता होती की नाही हे कायमचं कळेनासं होतं. शिवाय बी-१२ चा आकडा काठावरचा, म्हणजे मिलिलिटरमागे २०० ते ३०० पिकोग्रॅमच्या मधला असेल आणि लक्षणं असतील, तर "नॉर्मल आहे" म्हणून सोडून देऊ नका. मिथाइलमॅलोनिक ॲसिड आणि होमोसिस्टीन हे दोन घटक बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढतात. त्यांच्या तपासण्या या पुढच्या तपासण्या आहेत, त्या डॉक्टरांना विचारा. किडनीचा आजार असेल तर हे दोन्ही आकडे एरवीही वाढलेले दिसतात, हे लक्षात ठेवून ते वाचावे लागतात.

नसांसाठी म्हणून बी-६ वाढवत जाणं

मुंग्या येतात म्हणून बी-६ ची गोळी घ्यायची, मुंग्या वाढल्या की डोस वाढवायचा. यातला धोका असा की फार दिवस फार बी-६ घेतलं तर त्यानेच नसांना इजा होते, आणि तिचं लक्षण मुंग्या आणि बधिरपणा हेच असतं. रोजची गरज दीड-दोन मिलिग्रॅम. वरची मर्यादा अमेरिकेत १०० मिलिग्रॅम धरतात, युरोपात २०२३ मध्ये ती १२ वर आणली गेली. क्षयरोगासाठी आयसोनियाझिड घेणाऱ्यांना बी-६ मुद्दाम दिलं जातं, कारण ते औषध शरीरातलं बी-६ कमी करतं. तो डोस ठरवून दिलेला असतो, तो स्वतःच्या मनाने बंद करू नका. त्याच्या जोडीला आणखी एखादी डबी मात्र नको.

म्हणून प्रत्येक डबीवरचं नाव सोडा, मागचं बारीक अक्षर वाचा. सगळ्या डब्यांतली एकेका व्हिटॅमिनची बेरीज कागदावर मांडा. पाच मिनिटांचं काम आहे.

आठवड्याची व्हिटॅमिन डीची गोळी रोज घेणं

६०,००० युनिटची गोळी किंवा सॅशे आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, तीही ठरावीक आठवडेच. घरात औषधांची जबाबदारी एकाकडून दुसऱ्याकडे गेली की हा घोळ होतो. डॉक्टरांशिवाय रोज घेण्याची वरची मर्यादा प्रौढांसाठी ४००० युनिट धरतात. डी चरबीत साठतं, लघवीवाटे सहज निघून जात नाही. ते फार झालं की रक्तातलं कॅल्शियम चढतं: तहान, बद्धकोष्ठता, मळमळ, सारखी लघवी, मग गोंधळल्यासारखं बोलणं आणि किडनीवर ताण. वयस्कर माणसात हे सगळं "वयामुळे" म्हणून सोडून दिलं जातं. मी रुग्णांना एकच युक्ती सांगते: वार ठरवा आणि गोळीच्या पाकिटावर पेनाने तारखा लिहून ठेवा. गोळी जेवणासोबत घ्या, अन्नात थोडी स्निग्धता असली की ती नीट शोषली जाते. आणि दर पंधरा दिवसांनी तपासू नका, डोस बदलल्यावर आकडा स्थिरावायला साधारण तीन महिने लागतात.

किडनीच्या रुग्णांचं गणित वेगळं आहे. व्हिटॅमिन डी कामाला लावण्याचा शेवटचा टप्पा किडनीत होतो, त्यामुळे त्यांना कधी कधी वेगळ्या, तयार स्वरूपाचं डी लागतं. सारकॉइडोसिसमध्ये (फुप्फुसांत आणि इतर अवयवांत सुजेच्या बारीक गाठी होणारा आजार) याच्या उलट, थोड्या डीनेही कॅल्शियम चढू शकतं. हाडं ठिसूळ झाली म्हणून डेनोसुमॅब किंवा झोलेड्रोनिक ॲसिडचं इंजेक्शन घ्यायचं असेल, तर आधी डी आणि कॅल्शियम बघून घेतलं पाहिजे. नाहीतर इंजेक्शननंतर कॅल्शियम धोकादायक पातळीला उतरू शकतं.

गरोदरपणात उशिरा सुरुवात, आणि ए चा अतिरेक

बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत बंद होते. पुष्कळ जणींना तोवर दिवस राहिल्याचं कळलेलंही नसतं. म्हणून रोजचं ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड मूल हवं असं ठरवल्यापासूनच सुरू करायचं असतं. आधीच्या बाळात मज्जारज्जूचा दोष असेल, तर ४ ते ५ मिलिग्रॅमचा मोठा डोस डॉक्टर देतात. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत अशा स्त्रियांमध्ये मोठ्या डोसने दोष पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं होतं. अपस्माराची काही औषधं चालू असतील तरी डोस डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

रेटिनॉल स्वरूपातलं व्हिटॅमिन ए मात्र रोज १०,००० युनिटच्या वर गेलं तर गर्भात व्यंग येऊ शकतं. दोन मल्टिव्हिटॅमिन एकत्र घेऊ नका. आई प्राणिज पदार्थ अजिबात खात नसेल आणि बी-१२ घेत नसेल, तर अंगावर पिणाऱ्या बाळाला त्याची गंभीर कमतरता होऊ शकते. बाळ सुस्त होतं, शिकलेलं विसरतं. तिथे आईची तपासणी गरोदरपणातच व्हायला हवी.

थायमिनला दुय्यम समजणं

शरीरात थायमिनचा साठा दोन-तीन आठवड्यांपुरता असतो. दारूचं व्यसन, गरोदरपणातल्या न थांबणाऱ्या उलट्या, वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया, फार दिवसांचा उपास यांत तो झपाट्याने संपतो. अशा माणसाला नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावलं तर उरलंसुरलं थायमिनही खर्ची पडतं आणि मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून थायमिन ग्लुकोजच्या आधी किंवा सोबत. गोंधळ, डोळ्यांच्या हालचालीत बिघाड, चालताना तोल जाणं ही तिन्ही लक्षणं एकत्र फार थोड्यांत दिसतात, त्यामुळे तिन्ही दिसेपर्यंत थांबायचं नाही. नातेवाइकांनी एवढं जरूर सांगावं: "हे इतके दिवस जेवलेले नाहीत, सारख्या उलट्या होत होत्या."

इतर औषधांशी होणारे घोटाळे

वॉरफरिन चालू असेल तर व्हिटॅमिन के असलेली नवी गोळी अचानक सुरू किंवा बंद करू नका, रक्त पातळ ठेवण्याचं गणित बिघडतं. थायरॉइडची गोळी आणि लोह किंवा कॅल्शियम यांत चार तासांचं अंतर हवं. धूम्रपान करणाऱ्यांनी बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या टाळाव्यात: १९९४ च्या फिनलंडमधल्या मोठ्या चाचणीत त्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग वाढलेला आढळला होता. डायलिसिसवर असलेल्यांच्या शरीरात ए साठत जातं आणि क जीवनसत्त्वाचे मोठे डोस ऑक्झलेट (मुतखड्यात सापडणारा क्षार) वाढवतात, त्यामुळे त्यांच्यासाठी साधं मल्टिव्हिटॅमिन नको, वेगळं येतं ते. मेथोट्रेक्सेट संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच आणि फॉलिक ॲसिड सांगितलेल्या इतर दिवशी. यांची अदलाबदल होऊन मेथोट्रेक्सेट रोज घेतलं गेलं तर जीवावर बेतू शकतं. दोन्हींचे वार ठळक लिहून ठेवा.

बरं वाटलं, आकडा वर आला, म्हणून थांबवणं

काकूंची नसांची आणि केसांची डबी बंद झाली, बी-१२ ची इंजेक्शनं सुरू झाली. थकवा काही आठवड्यांत कमी झाला. पायांना वेळ लागला, आणि तो लागतोच. नसा सावरायला कित्येक महिने जातात. सहा महिन्यांनी त्या परत आल्या तेव्हा हातात नवा रिपोर्ट होता, आकडा भरपूर वर होता. "आता इंजेक्शन बंद ना?" त्यांनी विचारलं.

मेटफॉर्मिन चालूच होती, पित्ताची गोळीही. कारण जागेवर असताना उपाय काढून घेतला, की साठा पुन्हा हळूहळू रिकामा होतो. डॉक्टरांनी पित्ताच्या गोळीची गरज तपासली आणि ती टप्प्याटप्प्याने थांबवली. मेटफॉर्मिन हवीच होती, ती ठेवली. इंजेक्शनऐवजी रोजची १००० मायक्रोग्रॅमची गोळी दिली आणि वर्षातून एकदा तपासणी ठरवली. काकूंच्या फाइलच्या पहिल्या पानावर मी लाल पेनाने लिहिलं: मेटफॉर्मिन चालू आहे तोवर बी-१२ बंद करू नये. त्याखाली काकूंनी माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि पुढच्या तपासणीचा महिना स्वतःच्या हाताने लिहिला.